लागला का रे?

कोल्हापूर

प्रिय दादा,

तुझं पार्सल पोचलं. कापसात गुंडाळलेले चार बल्ब, जणू अत्तराच्या कुप्याच. सोबतची चिठ्ठीही वाचली : ‘जुने काढ, हे बसव, पाच मिनिटांचं काम.’ त्या पाच मिनिटांना मला सव्वा महिना लागला आणि तुझ्या चारांपैकी एकही बल्ब आज गाडीत नाही. रागावू नकोस, सगळं क्रमाने सांगते. आणि हे पत्र पाकिटात न घालता छापायला देते आहे, कारण आप्पांच्या पद्मिनीसारखी एखादी म्हातारी ज्यांच्या शेडमध्ये उभी आहे, त्यांच्या घरी परदेशातून असं पार्सल कधी ना कधी येणारच.

आधी खोक्याबद्दल. त्यावर जर्मनमध्ये मुंगीच्या पायांएवढी अक्षरं होती. मोबाइल धरला तर मराठी उमटलं : सार्वजनिक रस्त्यावर वापरासाठी नाही. म्हणजे तुझ्या गावात जो बल्ब लावला तर गाडी तपासणीत नापास होईल, तो तू बहिणीला पाठवलास! तुला वाटलं असेल, कोल्हापुरात काय, सगळं चालतं. तसं चालतंही. पण मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. असं काही वाचलं, की ‘का नाही?’ विचारल्याशिवाय मला झोप लागत नाही.

फोनवर तुला आंबा घाटातलं अर्धवटच सांगितलं होतं. रत्नागिरीहून परत येत होते. आषाढ, साखरपा सोडलं आणि धुकं असं उतरलं, की बॉनेटच्या पुढचं दिसेना. मी वीसच्या वेगाने चढत होते. मागून एसटी आली आणि अगदी शेवटच्या क्षणी तिने करकचून ब्रेक मारला. वर आंब्याला टपरीवर मी चहाला थांबले, तर तो ड्रायव्हरही थांबला होता. चिडला नाही बिचारा. म्हणाला, “मावशी, तुमच्या गाडीला मागं दिवं हायत का देवघरातल्या समया?” मी मागे जाऊन पाहिलं. दिवे लागलेले होते. दहा पावलांवरून तेवढे कळत होते. वीस पावलांवर धुक्यात विरघळले.

तिथे टपरीसमोर उभी असताना मला आपला अंगणातला कार्यक्रम आठवला. रविवारी सकाळी गाडी धुऊन झाली, की आप्पा सीटवर बसायचे आणि तुला मागे उभं करायचे. ते ब्रेक दाबायचे आणि ओरडायचे, “लागला का रे?” तू ओरडायचास, “लागला!” मग डावा, मग उजवा. मला मागे उभं राहायचं असायचं, पण माझी नेमणूक पुढच्या दिव्यांवर होती, कारण मी धाकटी. तू गेल्यावर मला बढती मिळाली. आणि आप्पा गेल्यावर सीटवर मी बसले, तर मागे उभं राहायला कुणी उरलं नाही. ब्रेकचा दिवा असा आहे, की तो पेटतो तेव्हा पेटवणाऱ्याला दिसत नाही. मी रात्री गाडी शेडमध्ये उलटी घालून, मागच्या भिंतीवर लाल पडतं का ते आरशात बघत असे. लाल पडायचं. किती पडतं, हे भिंत सांगत नाही. त्या फसव्या भिंतीवर मी सहा-सात वर्षं काढली.

तर बल्ब. पार्सल आल्याच्या दुपारीच मी काचेचे स्क्रू काढले. जुने बल्ब तुला ठाऊक आहेत. ब्रेकचा बल्ब दोन फिलामेंटचा, २१ वॅटची तार ब्रेकला, ५ वॅटची पार्किंगला. बुडाच्या दोन खिळ्यांपैकी एक वर, एक खाली, म्हणजे उलटा बसूच नये. इंडिकेटरचा बल्ब एका तारेचा, २१ वॅट. तुझे बल्ब त्याच बुडाचे होते, खटकन बसले. शेजारच्या मुलाला मागे उभं केलं आणि ब्रेक दाबला. “लागला का रे?” तो म्हणाला, “काकू, गुलाबी लागलाय.”

गुलाबी! मी उतरून पाहिलं तर खरंच, शिराळशेटच्या फेट्यासारखा रंग. त्याशिवाय पार्किंगचा दिवा आणि ब्रेकचा दिवा यांत फरक सांगता येईना. इंडिकेटर टाकला तर टिकटिक आधी मंदावली, मग थांबलीच आणि दिवा नुसता पेटून राहिला. तीन दुखणी, तीन वेगळी कारणं. संध्याकाळी वही घेऊन बसले.

गुलाबीचं कारण सोपं आहे आणि मी ते नववीच्या वर्गाला शंभरदा शिकवलंय, फक्त आपल्या अंगणात ओळखलं नाही. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावर पिवळट लेप असतो, निळं आणि पिवळं मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. त्या निळ्या दिव्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण त्या पांढऱ्यात लाल फार थोडं. तापलेल्या तारेच्या उजेडात मात्र लाल भरपूर असतं. आपली लाल काच काही रंग तयार करत नाही, ती लाल तेवढं जाऊ देते आणि बाकीचं अडवते. आत लालच कमी असेल तर ती बाहेर काय पाठवणार? म्हणून लाल काचेमागे लाल एलईडी हवा आणि नारिंगीमागे नारिंगी. दुकानात पांढरा जास्त झगझगीत दिसतो म्हणून लोक तोच घेतात. तूही घेतलास. (स्कूटरच्या मागच्या दिव्याला खाली पारदर्शक खिडकी असते, नंबरप्लेटवर उजेड पडावा म्हणून. तिथे लाल एलईडी घातला तर नंबरही लाल दिसतो. प्रत्येक गाडीचा दिवा आधी उघडून बघावा लागतो, तो यासाठी.)

दुसरं, फरक न कळण्याचं. हे खरं धोक्याचं. जुन्या बल्बची २१ वॅटची तार साधारण ४४० ल्यूमेन देते आणि ५ वॅटची ३५. म्हणजे बारापट. तुमच्या युरोपच्या नियमातही मागच्या साध्या दिव्याला किमान ४ कँडेला आणि ब्रेकच्या दिव्याला किमान ६० सांगितलेत. मागच्या माणसाला दिवा ‘दिसणं’ पुरेसं नसतं, तो अचानक वाढलेला दिसावा लागतो. तुझ्या बल्बमध्ये पार्किंग फार आणि ब्रेक जेमतेम. शिवाय त्याचे सगळे ठिपके टोकाकडे तोंड करून. जुनी तार चहूकडे उजेड फेकते, तो मागच्या चकचकीत वाटीवर आपटून पुढे येतो आणि काच त्याला पसरवते. वाटी बनवणाऱ्याने तार नेमकी कुठे असेल याचा हिशेब मिलिमीटरमध्ये केलेला असतो. तिथे भलत्या जागी, भलत्या दिशेला उजेड सोडला तर वाटी अंधारी राहते. काचेच्या मधोमध एक तेजस्वी टिकली आणि भोवती काळोख, असं दिसत होतं. कुंकू लावल्यासारखं.

तिसरी टिकटिक. आपला फ्लॅशर म्हणजे काडेपेटीपेक्षा लहान डबी. आत विजेने तापणारा धातू असतो. तो तापला की जोड तुटतो, निवला की जुळतो, आणि त्याचा आवाज आपण लहानपणापासून ऐकत आलोय. त्याला तापायला पुढचा-मागचा मिळून ४२ वॅटचा प्रवाह लागतो. मागे एलईडी आल्यावर तेवढा प्रवाहच उरला नाही, म्हणून डबी गप्प. यावर बाजारात एक उपाय मिळतो : सोनेरी रंगाचा, ६ ओहमचा रेझिस्टर, तो दिव्याला समांतर जोडायचा. गणित कर. साडेतेरा व्होल्टला सव्वादोन अँपिअर, म्हणजे ३० वॅट नुसती उष्णता, डिकीतल्या गालिच्याला चिकटून. २१ वॅटचा बल्ब काढून वीज वाचवायची आणि तोच भार दाखवायला ३० वॅट जाळायची. यापेक्षा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बरा, पण त्याला वेगळी अर्थिंगची वायर लागते. काही जुन्या गाड्यांत तर आणखी गंमत असते. डॅशबोर्डवर इंडिकेटरचा एकच दिवा असतो, तो डाव्या आणि उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला. डावा चालू असताना तो उजव्या बाजूच्या थंड बल्बांमधून अर्थिंग उसनं घेतो. चारही एलईडी लावले की ही उसनवारी मोडते आणि एका बाजूला वळताना चारही दिवे मिणमिणतात. दोन डायोड घातले की सुटतं, पण ते दोन डायोड कुठे घालायचे हे कळेपर्यंत माणूस वेडा होतो.

हे सगळं वहीत मांडून दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात गेले. आप्पांच्या वेळचे मिस्त्री आता फक्त खुर्चीत बसतात, मुलगा काम बघतो. मी दिव्यांवर पंधरा मिनिटं बोलले. म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बाई, दिवा बदलायचा का न्हाई ते नंतर बघू. आधी हा दिवा का मेला ते बघा की.”

मी बघितलंच नव्हतं, दादा. तूही नाहीस.

जुने बल्ब परत लावून मुलाने मल्टिमीटर धरला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, बल्बपाशी १०.९. एक पूर्णांक सात दशांश व्होल्ट वाटेत गळत होते, त्यातले सव्वा एकट्या अर्थिंगमध्ये. दिव्याचं घर ज्या स्क्रूने बॉडीला बसतं त्याच्याखाली पन्नास पावसाळ्यांचा गंज. बाकीची गळती फ्यूजच्या पितळी चिमट्यांत. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या हिशेबाने सरळ कमी होत नाही, तो फार वेगाने पडतो, साधारण साडेतीनव्या घाताच्या जवळ. म्हणजे व्होल्टेज साडेतेरा टक्के कमी झालं तर उजेड चाळीस टक्क्यांच्या आसपास गेला. त्यात वाटीवरचा मुलामा उडालेला आणि काचेच्या आत धूळ. समई झाली नसती तर नवल.

मुलाने स्क्रूखालचा पत्रा पॉलिश पेपरने घासून चांदीसारखा केला, होल्डरपासून बॉडीपर्यंत नवी वायर ओढली, जोडावर व्हॅसलीन चोपडलं, फ्यूज आणि चिमटे साफ केले. वाटीला आतून चंदेरी रंग मारला. दीड तासाचं काम. ब्रेक दाबला तर मी दचकले. त्याच जुन्या बल्बांनी असा लाल दिवा दिला, की आप्पांनी शोरूममधून आणली त्या संध्याकाळचा वाटावा.

तुझा एक बल्ब मी मिस्त्रींना देऊ केला, टेस्ट लॅम्पला उपयोगी पडेल म्हणून. त्यांनी घेतला नाही. म्हणाले, “ह्यो खोटं बोलतोय.” आणि बरोबर आहे. एलईडीला इतका कमी प्रवाह पुरतो, की वायरची एक तार शिल्लक असली, जोड अर्धा कुजलेला असला, तरी तो हसत पेटतो. २१ वॅटचा बल्ब भार घेतो, म्हणून कुजका जोड लगेच उघडा पडतो. म्हणजे तुझे बल्ब चांगले निघाले असते, तर मी गंजावर पांघरूण घालून मोकळी झाले असते.

इथे पत्र संपवून ‘जुनं ते सोनं’ म्हणता आलं असतं. पण तुझं अर्धं म्हणणं बरोबर होतं, ते कबूल करायला हवं.

आधी जे अर्धं चूक ते. तू म्हणालास, डायनामोवरचा भार उतरेल. आपल्या गाडीला अजून डायनामो आहे, अल्टरनेटर नाही, आणि सिग्नलला इंजिन आयडलवर आलं की तो काहीच देत नाही, डॅशबोर्डवरचा लाल दिवा डोळे वटारतो, हे खरं. पण मागचे दोन पार्किंग दिवे मिळून १० वॅट. ब्रेकचे ४२, तेही पाय दाबलेला असेल तेवढा वेळ. खादाड आहेत ते हेडलाइट. पंगतीत आजीच्या पानातली पोळी काढून घेऊन काय वाचणार!

जे बरोबर ते वेगाचं. तापलेल्या तारेला पूर्ण तेजावर यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. एलईडीला काहीच लागत नाही म्हण. आपण पुणे–बंगळूर रस्त्याला लागलो, की मागे कंटेनर असतो. ताशी ८० च्या वेगात सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात तो जवळपास साडेचार मीटर पुढे येतो. पद्मिनीची लांबी चार मीटरसुद्धा नाही. म्हणजे मागच्याला एक पद्मिनीभर अंतर जास्त मिळतं. आप्पांच्या काळी रस्त्यावर सगळे आपल्याच वेगाने जायचे, सगळ्यांचे ब्रेक सारखेच वाईट. आता मागच्याची गाडी नवी, त्याच्या डोळ्याला सवय एलईडीची, आणि पुढे एक तार निवांत तापते आहे.

तेव्हा मी ठरवलं, ब्रेक आणि पार्किंगला एलईडी, पण बल्बच्या सोंगातला नको. दिव्याच्या आतल्या मापाची पट्टी करायची, लाल ठिपक्यांची, काचेच्या सगळ्या भागाला उजेड देणारी. माझा एक जुना विद्यार्थी आता डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. त्याने पट्टी कापून दिली, डाग द्यायचं काम मी केलं. हात थरथरतो आता, पण जमलं. साधे गोल डोक्याचे एलईडी घेतले नाहीत. ते टॉर्चसारखे सरळ उजेड फेकतात, बाजूच्या स्कूटरवाल्याला मेलेले दिसतात. चार पायांचे, पसरट डोक्याचे घेतले.

आणि पहिली पट्टी मी चुकवली. ही चूक मुद्दाम सविस्तर सांगते, कारण ती मास्तरणीची आहे. एका लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात. मी सहा-सहांच्या माळा केल्या, कारण सहा दुणे बारा, हिशेब किती देखणा! टेबलावर १४ व्होल्टला झकास पेटलं. गाडीत लावून गावात गेले. बिंदू चौकापाशी ब्रेकवर पाय ठेवून उभी होते, इंजिन आयडलवर, डायनामो झोपलेला, दिव्यापाशी जेमतेम १२ व्होल्ट. सहा दुणे बारा. उरलं शून्य. मागून एक पोरगा येऊन काचेवर टकटक करून म्हणाला, “आजी, ब्रेकलाइट गेला.” जिथे ब्रेकवर पाय ठेवून उभं राहायचं तिथेच दिवा मरत होता! परत येऊन चार-चारांच्या माळा केल्या. आता माळेवर ८ व्होल्ट, बाकीचं रेझिस्टरवर. १२० ओहम लावला तर १४ व्होल्टला ५० मिलीअँपिअर, आणि १२ ला ३३. थोडा मंदावतो, पण विझत नाही. अशा सहा माळा एका बाजूला, चोवीस ठिपके, चार वॅटच्या थोडं वर. पार्किंगसाठी त्याच माळा जास्त रेझिस्टरमधून, दहापट मंद. मध्ये एक डायोड, नाहीतर ब्रेक दाबला की वीज उलटी पार्किंगच्या वायरीत शिरते आणि पुढचे दिवेही लुकलुकतात. पट्टीचं बूड जुन्या बल्बचंच ठेवलं आहे. होल्डरला हात लावलेला नाही. उद्या मन बदललं तर पट्टी काढली, बल्ब फिरवला, झालं.

मग एका दुपारी बारा वाजता, उन्हात, डावीकडे पट्टी आणि उजवीकडे जुना बल्ब लावून मी तीस पावलं मागे गेले. उन्हातला ब्रेकलाइट हीच खरी परीक्षा, अंधारात काय, काडीही दिसते. बाजूने पाहिलं, वाकून पाहिलं. पट्टी सरस निघाली, पण गंज काढलेल्या जुन्या बल्बापेक्षा फार नाही. आकड्यात बल्ब कितीही मोठा असो, त्याचा बहुतेक उजेड लाल काच गिळते. पट्टीचा उजेड मुळातच लाल, म्हणून वाया कमी जातो.

इंडिकेटर मी बदलले नाहीत. बदलणारही नाही. ती टिकटिक आप्पांची आहे. बाकी कारण काही असेल तर ते मी देणार नाही.

एक तोटा आधी लक्षात आला नव्हता. जुना बल्ब तापायचा, त्यामुळे काचेआडची ओल आपोआप सुकायची. एलईडी थंड. पहिल्याच पावसात काचेवर आतून दव धरलं. आता काचेचं रबर नवं घातलं आहे आणि खालच्या कडेला पाणी जायला केसाएवढी फट सोडली आहे. तुमच्याकडे म्हणे याच कारणाने बर्फही दिव्यावरून वितळत नाही.

आणि हे सगळं करून जे सगळ्यात उपयोगी पडलं, ते वेगळंच. मागच्या काचेत आतून, मधोमध एक तिसरा ब्रेकलाइट लावला, एलईडीची बोटभर पट्टी. गाडीला भोकसुद्धा पाडलं नाही. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जॉन व्होएव्होडस्की नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोच्या ३४३ टॅक्सींना मागे एक जादा दिवा लावला होता. त्या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका ६० टक्क्यांनी कमी झाल्या. १९८६ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. पुढे सगळ्यांनाच आला तशी त्याची नवलाई गेली, सरकारी अहवालात कायमचा फायदा चार-साडेचार टक्क्यांवर स्थिरावला. पण माझ्या गाडीला तोही हवा आहे. टॅक्सीवरून आठवलं, मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरात तीही रस्त्यावरून गेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या काळ्या-पिवळ्या गाड्याच दादर स्टेशनबाहेर उतरल्यावर तू ‘आपली गाडी, आपली गाडी’ करत मोजायचास.

तुझा मित्र म्हणाला ना, जुन्या गाडीत एलईडी म्हणजे भ्रष्टाचार? त्याला एवढंच सांग. ही गाडी मुळात फियाट ११०० डी, ती इटलीत निघाली १९६२ साली. त्याच साली अमेरिकेत निक होलोन्याकने डोळ्याला दिसणारा पहिला लाल एलईडी पेटवला. दोघं एका वयाची आहेत. गाडी इकडे १९६४ ला ‘डिलाइट’ म्हणून आली, १९७४ ला पद्मिनी झाली, आणि १९७५ ला आपल्या दारात. लाल एलईडीला यायला उशीर झाला इतकंच. आणि २०२१ च्या नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतं, त्यात चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं असं म्हटलं आहे. मी तशी नोंद करणार नाही. त्या नोंदीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, आणि मला मंडईला जायचं असतं.

एक गोष्ट मात्र गेली. जुना दिवा विझताना एकदम विझत नसे. पाय उचलला, की क्षणभर लाल रेंगाळायचं आणि मग जायचं. पट्टी कात्रीने कापल्यासारखी जाते. रात्री शेडमध्ये उलटी गाडी घालताना भिंतीवरचं ते रेंगाळणं आता दिसत नाही. मला ते आवडायचं, हे दिसेनासं झाल्यावर कळलं.

गणपतीला येतोयस. येताना बल्ब आणू नकोस. आणायचंच तर डिकीच्या झाकणाचं रबर बघ, इथे मिळतं ते दोन वर्षांत दगड होतं. स्टेशनवर गाडी घेऊन येते. घरी पोचलो, की सामान नंतर काढू. आधी तू मागे उभा राहा, मी ब्रेक दाबते.

तुझी,
छोटी

ता. क. फोटो मागू नकोस. फोटोत प्रत्येक एलईडी झकास दिसतो.